दुर्बिणीची सहा कडी

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

ही डायरी टायरवाल्याने जानेवारीत दिली, तेव्हापासून टूलच्या कपाटात कोरी पडली होती. आज उघडली, कारण तेजस्विनी मॅडमने नोंद ठेवायला सांगितलं. रोज कामावर जे जे केलं ते सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी लिहा म्हणे. लिहू की. पण माझं निम्मं आयुष्य आळेफाट्यावर लेथवर लोखंड कातण्यात गेलं आणि निम्मं आपल्याला कोण कुठं गंडवतंय ते शोधण्यात. त्यामुळे हिच्यात दुसऱ्या निम्म्याचंही लिहीन. मॅडमला द्यायची वेळ आली की कामापुरतं वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

मॅडम म्हणजे डिंगोरे गावची पोरगी. अवसरीला इंजिनिअरिंग करत होती तेव्हा सुट्टीत महिनाभर आमच्याकडे लेथ शिकायला यायची. आता पुण्यात दुर्बिणीची यंत्रं बनवणाऱ्यांकडे आहे. तिला ॲल्युमिनियमची सहा कडी हवीत, बांगडीएवढी, एकेका कड्यात एक भिंग बसणार. परदेशात कुठल्याशा डोंगरावर मोठी दुर्बीण होतेय, तिच्या यंत्राचा नमुना आधी पुण्यात जोडून बघणार आहेत.

मी म्हणलं, चाकण-भोसरीला कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं ढिगानं पडलीत, ती सोडून ट्रकचे बुश करणाऱ्याकडे का आलीस? तर म्हणाली, "काका, मशीन सगळीकडे आहे. हात नाही."

म्हणताना ती माझ्याकडे नाही, गोरखकडे बघत होती. ते मी टिपून ठेवलं.

गोरखही डिंगोऱ्याचाच. बावीस वर्षं माझ्याकडे आहे. झाडू मारायला आला होता, आज जुन्नर-आंबेगावात त्याच्या तोडीचा टर्नर नाही, हे मी त्याला कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही. गोरख गेला तर मला शटर कायमचं ओढावं लागेल. म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं की मी त्या माणसाचं नाव लक्षात ठेवतो.

बुधवार, १३ ऑगस्ट

ॲल्युमिनियमचे आठ तुकडे आले. सहा कड्यांना, एक सरावाला, एक उरायला. मोजून कपाटात ठेवले.

काम वाटून घेतलं. कच्चं काम गोरख करणार. शेवटचा हात माझा आणि शेवटचं माप माझं. बावीस वर्षं हाच नियम आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मॅडमने नियमांचा कागद पाठवलाय. कड्याला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. ट्रकच्या कामाचं तेल वेगळं, ह्याचं वेगळं. तंबाखू तर वर्कशॉपच्या दारातसुद्धा नको. घाम, तेल, थुंकी, कसलीही घाण लागली तर कडी बाद. कारण ती निर्वात पेटीत बसणार, तिथं बारीकशी घाणसुद्धा उडते आणि भिंगावर जाऊन बसते.

दुर्बिणीला एवढं सोवळं कशाला? खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या येता-जाता बघतोच की मी. ऊन, पाऊस, कावळे, सगळं झेलत उभ्या आहेत. मॅडम म्हणते त्या वेगळ्या, ही वेगळी. मला तर हे काहीतरी लष्कराचं प्रकरण वाटतंय.

सरावाचं कडं केलं. ट्यूबलाइट मंद आहेत. दोन नव्या आणून लावल्या, त्याही मंदच निघाल्या. दुकानदाराने परत आलेला माल माथी मारला. आणि मायक्रोमीटरच्या रेघाही पुसट झाल्यात. वीस वर्षांत झाल्या नाहीत त्या आताच कशा झाल्या? कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

शनिवार, २३ ऑगस्ट

गेणभाऊच्या टपरीवर चहा घेताना तो सहज बोलून गेला, की गोरख तर आठवडाभर सातलाच चहा पिऊन आत जातो. मी साडेआठला येतो. दुसरी चावी गोरखकडे आहे. साडेआठला मी आलो की पठ्ठ्या शटर अर्धं उघडून झाडू मारत असतो, जणू आत्ताच आला.

डिंगोऱ्याहून सातला इथं पोचायचं म्हणजे ओतूरच्या उसातनं अंधारातच यायला लागतं. त्या रस्त्याला बिबट्याच्या भीतीने लोक उजाडल्याशिवाय दूधसुद्धा घालायला निघत नाहीत. एवढा जिवावर उदार होऊन माणूस येतो, तेही पगारात न मोजलेल्या दीड तासासाठी, म्हणजे त्याच्यामागे काहीतरी मोठं असणार. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं की सावध होतो माणूस.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपतीसाठी मॅडम घरी आलीय. जाताना वर्कशॉपवर थांबली. आज सरळच विचारलं, पोरी, खरं सांग, ही दुर्बीण नेमकं काय बघणार?

तिने हायवेकडे बोट दाखवलं. म्हणाली, समोरून ट्रक हेडलाइट मारत येतोय आणि त्या काचेवर काजवा बसलाय, दिसेल का तुम्हाला? ताऱ्याशेजारचा ग्रह असा असतो. आम्ही हेडलाइट झाकणार, काजव्याचा तेवढा उजेड धरणार आणि तो उजेड पसरून बघणार की त्या ग्रहाच्या हवेत ऑक्सिजन आहे का. ऑक्सिजन नुसता टिकून राहत नाही, कुणीतरी तो सतत सोडावा लागतो. झाड असेल, शेवाळ असेल. भरपूर सापडला तर तिथं जीव असण्याचा संशय घ्यायला जागा आहे.

संशय घेण्यासाठी एवढी मोठी दुर्बीण बांधतात, हे ऐकून मला पहिल्यांदा ते लोक शहाणे वाटले.

मी म्हणलं, आणि सापडला जीव तर? म्हणाली, तर कळेल आपण एकटे नाही. मी म्हणलं, मी इथं आळेफाट्यावर तरी कुठं एकटाय, म्हणून काय सुख लागलंय? ती हसली. गोरखही हसला आणि लगेच तोंड फिरवून कामाला लागला. बावीस वर्षांत माझ्या बोलण्यावर तो असा हसला नव्हता. ह्या दोघांचं काहीतरी ठरलंय. पोरगी त्याला पुण्याला नेणार.

शनिवार, ६ सप्टेंबर

चार कडी झाली. आतलं माप चारही वेळा ५२.०२ मिलिमीटर भरलं, मॅडमने मागितलंय त्यातच, शेवटचा हात माझा.

नाशिक रस्त्याच्या मोठ्या वर्कशॉपवाला बहिरू दुपारी गोरखशी गेणभाऊच्या टपरीमागे उभा राहून बोलत होता. मला बघितल्यावर बहिरूने हात केला. गोरखने नाही केला.

घरी बायको, रत्ना, वेगळंच घेऊन बसलीय. नारायणगावला डोळ्यांचं शिबिर आहे, चला म्हणते. मी म्हणलं, शिबिरवाले काही ना काही शोधतातच, नाहीतर शिबिर कशाला भरवतील? कालच मी भाजीत मीठ समजून साखर टाकली म्हणून मागे लागलीय. दोन्ही डबे सारखेच ठेवते आणि वर मला बोलते. शिवाय ती गोरखच्या बायकोशी फोनवर बोलताना मी आलो की विषय बदलते. तेही बघायला पाहिजे.

ह्या डायरीची पानं फार लवकर संपतायत. एका पानावर पूर्वी दोन दिवस मावायचे, आता एका दिवसाला दोन पानं लागतात. हल्ली कंपन्या कागद लहान करायला लागल्यात, कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

बुधवार, १० सप्टेंबर

आज पकडला.

मी मुद्दाम सात-दहाला आलो. शटर कमरेएवढं वर होतं. वाकून आत गेलो तर गोरख खिडकीशी उभा, हातात मी काल पुरं केलेलं पाच नंबरचं कडं आणि मायक्रोमीटर. कडं धरणारा लेथचा चक कोमट होता आणि खाली ॲल्युमिनियमचा ताजा बारीक कीस पडला होता. माझ्या शेवटच्या हातानंतर त्याने कड्याला परत टूल लावलं होतं.

मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "साफ करत व्हतो, शेठ." बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि बोलताना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

दुपारी कपाट मोजलं. आठातला उरलेला तुकडाही गायब आहे. सहा कडी, एक सराव, आठवा कुठं गेला? चोरून आणखी एक कडं बनवून कुणाला तरी दाखवायला नेलं असणार. बहिरूला, नाहीतर मॅडमला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कामाची नोंद. सहा कडी तयार. आतलं माप सहाही ५२.०२, मी स्वतः घेतलं. प्रत्येक कड्यात आटे पाडलेली तीन भोकं, आरपार न जाणारी. गोरखने ॲसिटोनने धुतली, वाळवली. मी तपासली. कुठंही घाण नाही.

मॅडमला आजच माल पाहिजे होता. पितृपक्ष चाललाय, नवं काम पक्षात दाराबाहेर काढायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण ती पडली तारे बघणारी, तिला कुठलं पितर. म्हणून गोरख जेवायला गेल्यावर मी माझं माझं करून घेतलं. आमच्या वडिलांपासून आहे, नव्या गिऱ्हाइकाचा पहिला माल हळद-कुंकू लावल्याशिवाय जात नाही. ट्रकच्या पिनांवर, बुशवर दिसेलशी लावली की गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून मी नेहमी दिसणार नाही अशा जागी लावतो. इथं ती तीन बंद भोकं सापडली. पक्ष आहे म्हणून हळद थोडी सढळ हाताने, तेलात कालवून लावली, म्हणजे पडायची नाही. हातमोजे घालूनच लावली, नियम म्हणजे नियम. नारळ बाहेर पायरीवर फोडला. पिशव्या बंद केल्या, मॅडमचा माणूस घेऊन गेला.

आता गोरखचं काय करायचं ते बघतो.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापनेच्या दिवशीच हे व्हायचं होतं.

मॅडमचा फोन आला. मापं सहाही अचूक आहेत म्हणाली, त्यांच्या मोठ्या मशीनवर तपासली. मापं माझी, बरोबर असणारच. पण कडी घेता येत नाहीत. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरली तर तिन्ही बंद भोकांतनं पिवळं-हिरवं चमकतंय. दोनदा धुतली, तरी आट्यांत बसलेलं निघत नाही. एका कड्यात असतं तर चुकून झालं म्हणता आलं असतं, सहाच्या सहा कड्यांत त्याच जागी आहे.

तिने विचारलं, "काका, कुठली घाण लागली असेल, आठवतंय?" मी म्हणलं, देवाशपथ, घाण म्हणून काही लागली नाही. ती म्हणाली, वरच्या लोकांना काय लागलंय ते कळल्याशिवाय ते परत आपल्याकडे काम देणार नाहीत. तुमची नोंद पाठवा, जशी लिहिलीय तशी.

सहाच्या सहा, त्याच जागी. ही चूक नाही. हे कुणाच्या तरी हाताने झालंय आणि तो हात कुणाचा हे मला दहा तारखेपासून माहीत आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

गोरख यायच्या आधी त्याचा टूलचा खण उघडला. तळाशी घडी घातलेली चिठ्ठी मिळाली, दारातल्या उन्हात धरून वाचली. गोरखचं अक्षर. दोन रकाने, एकावर "शेठ", एकावर "मी".

१ नंबर, शेठ ५२.०२, मी ५१.९५. काढलं.
२ नंबर, शेठ ५२.०२, मी ५१.९४. काढलं.
३ नंबर, शेठ ५२.०२, मी ५२.११. वाया. नवं केलं.

असं सहापर्यंत. माझ्या कामातल्या चुका जमवत बसला होता, कुणाला तरी दाखवायला. आणि चुका तरी कुठल्या? मॅडमच्या मशीनने तर माझीच मापं बरोबर दिली.

तो आल्यावर चिठ्ठी समोर धरली. जे तोंडाला आलं ते बोललो. तुला पुण्याला जायचं होतं तर तोंडानं सांगायचं, माझ्या कामात घाण कशाला कालवलीस म्हणलं. बावीस वर्षं भाकर खाल्लीस म्हणलं. ते म्हणायला नको होतं, तो स्वतःचा डबा आणतो.

त्याने चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "घाण म्या न्हाई लावली. सकाळचं काय करीत व्हतो त्ये सांगितलं तर तुमाला लई लागंल, शेठ. म्हून सांगत न्हाई."

मी म्हणलं, म्हणजे कबूल आहेस. त्याने मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला आणि तो गेला.

बुधवार, २४ सप्टेंबर

गोरख आला नाही. चावी गेणभाऊकडे ठेवून गेलाय. एका शाफ्टचं काम होतं, दोनदा वाया घालवलं. उजेडच नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

बहिरू स्वतः आला. मी म्हणलं, आता कशाला आलास, माणूस तर मिळाला तुला. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मला कुठं मिळाला? तीनदा इचारलं राव त्याला. शेठ एकटं पडतील म्हनला. त्याचीच चौकशी करायला आलोय, घरीच बसलाय म्हनं."

बहिरूवर विश्वास ठेवायची माझी रीत नाही. पण खोटं बोलून त्याला आज काय मिळणार होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आज नोंद कागदावर उतरवायला बसलो. माझंच अक्षर मला लागेना, म्हणून रत्नाला म्हणलं, तू वाच, मी कामापुरतं लिहून घेतो. कामाचं तेवढंच वाच असं बजावलं होतं. पण सुरू झाल्यावर थांबते कुठं. बहिरूचं वाचलं. पोरीचं वाचलं. "रत्ना गोरखच्या बायकोशी फोनवर बोलताना विषय बदलते" हेही वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं, पुढे चल. ती म्हणाली, "विषय डोळ्यांचाच आसायचा. गोरखनं बायकूला सांगितलं, तिनं मला. तुमाला कोन सांगनार?"

ती पुढे वाचत गेली. बारा तारीख आली. "सहा कडी तयार", लिहून घेतलं. "कुठंही घाण नाही", लिहून घेतलं. मग तिने वाचलं, "तीन बंद भोकं सापडली, हळद थोडी सढळ हाताने, तेलात कालवून".

माझा पेन थांबला. तिचं वाचणंही थांबलं.

मी म्हणलं, हळद म्हणजे काय घाण आहे का? ती म्हणाली, न्हाई.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात गल्ल्यावर खोट्या नोटा पकडायचा जांभळा दिवा आहे. रत्नाच्या डब्यातली चिमूटभर हळद तेलात कालवून बोटाला लावली आणि तसाच गेलो. मालकाला म्हणलं, जरा बोट धरू दे. त्याला वाटलं मी दारू पिऊन आलोय. दिव्याखाली बोट धरलं. पिवळं-हिरवं चमकलं. मला आजकाल पाटीवरचं नाव दिसत नाही, पण ते लख्ख दिसलं.

घरी आलो आणि चिठ्ठी परत वाचून घेतली. रत्नाने दोनदा वाचली. माझं माप सहाही वेळा ५२.०२. त्याचं माप दर वेळी वेगळं, आणि पुढे "काढलं", म्हणजे कमी भरलेलं त्याने परत कातून पुरं केलं होतं. तीन नंबर माझ्याकडून जास्त कातलं गेलं, म्हणून वाया, नवं केलं. आठवा तुकडा तिथं गेला. मॅडमच्या मशीनवर बरोबर निघाली ती मापं त्याची. मला दिसत नव्हतं. मी जे असायला पाहिजे तेच वाचत होतो. तो अंधारात उठून, बिबट्याच्या रस्त्याने येऊन माझी चूक माझ्या आधी पुसून ठेवत होता, आणि मी त्याला भाकरीचं बोललो.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. लेथ धुतला, हार घातला. दर वर्षी पूजा गोरख करतो आणि मी नारळ फोडतो. आज दोन्ही मीच केलं. झेंडूची फुलं चकवरून घसरून सारखी खाली पडत होती, त्याला जमतं ते बसवायला.

मग मॅडमला फोन लावून खरं काय ते सांगितलं. कुठल्या भोकात, किती, कशात कालवून, सगळं. ती हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "काका, ही आट्यांत राहून यंत्रात गेली असती ना, तर आमच्या दुर्बिणीला पहिला जीव आळेफाट्याचा सापडला असता."

मी हसलो नाही. म्हणलं, कडी परत करून देतो, पण आधी माणूस परत आणू दे. तिला कळलं. दिवाळीच्या आत चालेल म्हणाली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. रत्नाला घेऊन एसटीने डिंगोऱ्याला गेलो. मोटारसायकल काढली होती, पण रत्ना मागे बसायला तयार होईना आणि पहिल्यांदाच मी वाद घातला नाही.

गोरखची आई कुशाबाई ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "या पावणं, बसा," आणि पाणी दिलं. तिला काही माहीत नव्हतं. घरी त्याने सांगितलंच नव्हतं. लेथ बंद आहे म्हणून सुट्टी दिलीय, एवढंच सांगून बसला होता.

तो मागच्या वावरातनं आला. मी आपट्याची पानं पुढे केली. सोनं घे म्हणलं. त्याने घेतली, पण पाय धरले नाहीत. दर वर्षी धरतो. मीही ते मनावर घेतलं नाही, माझं तेवढं येणं राहिलेलंच नव्हतं.

मग मी पिशवीतनं ही डायरी काढून त्याच्या हातात दिली. म्हणलं, घाण मीच लावली, हळद होती ती. तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते ह्यात आहे. वाच आणि मग ठरव.

त्याने मधलंच पान उघडलं, हातभर लांब धरलं आणि मिटून परत माझ्याकडे दिली.

"अक्षर लई मोठं आलंय, शेठ," म्हणाला.

मी म्हणलं, वाच ना. तो म्हणाला, न्हाई, तुमची हाय ती.

कुशाबाई बघत होती, रत्ना बघत होती. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं. म्हणलं, "गोरख, मला दिसत नाही रे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "उद्या साडेआठला येतो."

सोमवार, ६ ऑक्टोबर

कामाची नोंद. नवे आठ तुकडे आले. आज दोन कडी झाली. शेवटचा हात गोरखचा. माप गोरखने वाचलं, मी लिहिलं. पहिलं ५२.०१, दुसरं ५२.०२.

दुसरी नोंद. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय, बारा तारखेला काढू. मला अजूनही वाटतं ते सगळ्यांना हेच सांगत असतील. पण गोरख शेजारी बसला होता, त्याने त्यांचा कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. मग मी सही केली.

सोमवार, १३ आक्टोबर

शेठच्या डोळ्याला पट्टी हाये, खाली वाकायचं न्हाई आनी लिवायचं न्हाई म्हून आजची नोंद मी गोरख लिवतोय. डायरी शेठनीच कपाटातून काढून दिली.

सहा कडी तयार. मापं ५२.०१, ५२.०२, ५२.०२, ५२.०१, ५२.०२, ५२.०२. ॲसिटोननं धुतली. हाटेलातला जांभळा दिवा मागून आनला, सगळी भोकं बगितली, काय चमकत न्हाई.

हळद-कुकू लेथला लावलं, कड्यांना न्हाई. शेठ खुर्चीवर बसून चार येळा इचारत व्हते, नक्की न्हाई ना लावली. नारळ फोडायचा ठिवलाय. उद्या पट्टी सुटंल, शेठ सोता बगून फोडतील, मंग माल जाईल. मॅडम थांबते म्हनाली.

मागली पानं वाचलेली न्हाईत. शेठ इचारतीलच, म्हून लिवून ठिवतो.